बँटम कुठल्या गावची?

फोनवर बोलता बोलता मी आत्याला सांगून गेले, "आमची बँटम खुडूक झालीय." पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "खुडूक कळलं गं. पण बँटम म्हणजे काय? कुठल्या गावची ती?"

आत्याचं सारं आयुष्य कराडजवळच्या एका खेड्यात गेलं. दारात कोंबडी नाही असा दिवस तिनं क्वचितच पाहिला असेल. सोयरीक असो, आंबा असो की कोंबडी, तिचा पहिला प्रश्न गावाचाच असतो. मी म्हटलं, "अगं, छोट्या जातीची कोंबडी. शोभेची." तिचं समाधान झालं नाही, आणि फोन ठेवल्यावर माझंही होईना. पाऊण किलोच्या आतबाहेर भरणारी, गोल गरगरीत, पायाच्या बोटांपर्यंत पिसांचा घोळ असलेली ती कोंबडी तीन वर्षं माझ्या मागच्या अंगणात वावरते आहे. तिच्या नावाचं गाव मी कधी विचारलंच नव्हतं.

गाव आहे. जावा बेटाच्या पश्चिम टोकाला बांतेन नावाचं बंदर होतं. सोळाव्या शतकात तिथे सुलतानांचं राज्य उभं राहिलं आणि मिऱ्याच्या व्यापारावर भरभराटीला आलं. १५९६ साली वलंदेजांची, म्हणजे डचांची, पहिली जहाजं तिथे पोचली. १६०२ च्या अखेरीस जेम्स लँकेस्टर इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची पहिली सफर घेऊन आला आणि बांतेनला कंपनीची वखार पडली. वखार म्हटलं की आपल्याला सुरत आणि राजापूर आठवतं, पण सुरतेची वखार बांतेनच्या नंतरची. हिंदुस्थानातलं कापड बांतेनला जायचं आणि त्याच्या मोबदल्यात मिरी जहाजात भरली जायची. मद्रासची वखारसुद्धा सुरुवातीला बांतेनच्या हाताखाली होती. युरोपीयांच्या कागदांत याच बांतेनचं 'बँटम' झालं.

महिनोन्‌महिने चालणाऱ्या सफरीत ताज्या अंड्यामांसासाठी जिवंत कोंबड्या बरोबर घेत. बांतेनच्या बाजारात खलाशांना ज्या लहान चणीच्या कोंबड्या मिळाल्या, त्या बंदराच्या नावानंच पुढे ओळखल्या गेल्या, असं या शब्दाचं मूळ सांगितलं जातं. इंग्रजीत कोंबडीसाठी 'बँटम' हा शब्द १७४९ च्या सुमाराला सापडतो. मला या वर्षाचं फार वाटतं. कारण १६८२ मध्ये सुलतान आणि त्याच्या मुलाच्या भांडणात वलंदेज शिरले, बांतेन त्यांच्या मुठीत गेलं आणि इंग्रजांना वखार सोडून निघावं लागलं. म्हणजे छापील कागदावर कोंबडी 'बँटम' म्हणून आली तेव्हा इंग्रजांचं बँटम सुटून साठसत्तर वर्षं झाली होती. वखार गेली, मिऱ्याची पोती गेली, आणि शब्द मात्र खुराड्यात जाऊन बसला.

मग आत्याला 'जावातल्या बांतेन गावची' एवढं सांगितलं तर चालेल का? मला वाटतं, ते अर्धंच उत्तर होईल. गावावरून पडलेली नावं दोन तऱ्हांची असतात. पैठणी पैठणला विणली गेली, कोल्हापुरी चप्पल कोल्हापूरच्या कारागिरांनी शिवली. इथे नाव जन्मगावाचं आहे, ते करणाऱ्या हाताशी नेतं. मोसंबीचं तसं नाही. हे नाव मोझांबिकवरून आलं असं मानतात, पण लिंबू-संत्र्यांचं हे सगळं कूळ आशियातलं. मोखा कॉफीही मोखा बंदरात पिकत नव्हती. ती येमेनच्या डोंगरात पिके आणि मोख्याला जहाजात चढे. ही नावं बंदरांची. माल कुठे जन्मला ते ती सांगत नाहीत, घेणाऱ्याला तो कुठे भेटला ते सांगतात. आपल्या मुंबईनंही जगाला असा एक शब्द दिला आहे. इंग्रजीतला 'डंगरी' हा जाड्याभरड्या कापडाचा शब्द मुंबईच्या डोंगरी भागावरून गेला असं सांगतात. आज त्या नावाचे कपडे लहान मुलांच्या अंगावर दिसतात आणि डोंगरी कुणाच्या ध्यानीमनीही नसते.

'बँटम' हा असाच बंदरातला शब्द आहे. त्याचा पुरावा खुद्द त्या कोंबडीच्या मुलखात मिळतो. इंडोनेशियात या छोट्या कोंबडीला कुणी बांतेनची कोंबडी म्हणत नाही. तिथे ती 'आयाम काते'. आयाम म्हणजे कोंबडी, काते म्हणजे ठेंगणी. ज्यांच्या अंगणात ती रोज दाणे टिपत होती त्यांना तिच्या गावाचं काय अप्रूप? त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि जे दिसलं ते नाव ठेवलं. आपण तिला नाव ठेवलं असतं तर बुटकी, गिड्डी, खुजी असंच काहीतरी झालं असतं. यातला 'खुजा' फार जुना. संस्कृतात 'कुब्ज', प्राकृतात 'खुज्ज', मराठीत 'खुजा'. मूळ अर्थ पाठीला पोक असलेला. वाकलेला माणूस उंचीला कमी दिसतो, त्या वाटेनं पोक निघून गेलं आणि ठेंगणेपण उरलं.

जपानी भाषेनं मात्र दोन्ही तऱ्हा एकाच पक्ष्याच्या नावात सांभाळल्या आहेत. तिथल्या ठेंगण्या कोंबडीला 'चाबो' म्हणतात. पोट जमिनीला टेकेल इतके आखूड पाय आणि डोक्याच्याही वर गेलेली ताठ शेपटी. हे नाव चंपावरून आलं असं मानतात. चंपा म्हणजे आजच्या मध्य व्हिएतनाममधलं जुनं राज्य, जिथल्या राजांनी संस्कृतात शिलालेख कोरले. राज्याचं नावही संस्कृत. आपल्या चाफ्यातला 'चंपक' ज्या कानांना ओळखीचा, त्यांना 'चाबो' ऐकताना थोडं हलल्यासारखं होईल. बोलताना असा चंपाचा उच्चार होतो, पण तोच शब्द जपानी चिन्हांत लिहितात तेव्हा एक चिन्ह 'ठेंगणा' या अर्थाचं आणि दुसरं 'कोंबडा' या अर्थाचं असतं. जिभेवर बंदर, कागदावर अंगण.

हे ठेंगणेपण पाळणाऱ्याला फुकट मिळत नाही. चाबोचे आखूड पाय ज्या जनुकामुळे होतात, ते आईबाप दोघांकडूनही मिळालं तर पिल्लू अंड्यातच मरतं. म्हणून आखूड पायांचा कोंबडा आणि आखूड पायांची कोंबडी यांची जोडी लावली तर सरासरी चारातलं एक अंडं जातं, दोन पिल्लं आखूड पायांची होतात आणि एक लांब पायांचं निघतं. ते लांब पायांचं पिल्लू प्रदर्शनाच्या कामाचं नसतं, पण जाणता माणूस ते टाकून देत नाही. पुढच्या वेळी आखूड पायांच्या पक्ष्याला तेच जोडीदार म्हणून देतात. मग निम्मी पिल्लं अशी, निम्मी तशी होतात, आणि या जनुकापायी एकही अंडं दगावत नाही. ठेंगण्यांचा वंश असा लांब पायांवर उभा असतो.

आता माझ्या कोंबडीकडे येते. ती विकणाऱ्यानं मला सांगितलं होतं, "कोचीन बँटम." मी कितीतरी दिवस समजत होते की हिचा केरळातल्या कोचीनशी काही संबंध असणार. तो फक्त नावापुरता आहे, आणि तोही वळसा घेऊन. व्हिएतनामच्या मुलखाचं जे नाव पोर्तुगीजांच्या कानी पडलं ते आपल्या कोचीनसारखं लागलं. दोहोंत घोळ होऊ नये म्हणून त्यांनी तिकडच्या कोचीनला 'चीन'चं शेपूट जोडलं. तेच कोचीन-चायना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शांघायहून मोठ्या, पायांवर पिसं असलेल्या कोंबड्या इंग्लंडला पोचल्या तेव्हा त्यांना हे नाव लागलं. म्हणजे पक्षी चीनचा, नाव व्हिएतनामचं, आणि त्या नावाच्या उगमाशी उभं आपलं मलबारचं बंदर. त्यांच्यासारखीच दिसणारी छोटी जात इंग्लंडमध्ये 'पेकिन' म्हणवते. १८६० च्या युद्धात पेकिंगच्या उन्हाळी राजवाड्याच्या लुटीतून ती आली अशी कथा सांगतात. हीच कोंबडी अमेरिकेत कोचीन बँटम. माझ्या एका कोंबडीला अशी तीन बंदरं-शहरं चिकटलेली आहेत आणि ती शेवग्याखाली बसून माती उकरते आहे.

शेजारच्या जातींची नावंही अशीच बोलकी आहेत. 'ब्रह्मा' ही अंगानं प्रचंड जात अमेरिकेत घडली, पण नाव आपल्या ब्रह्मपुत्रेचं घेतलं. ते आखडत 'ब्रह्मा' झालं. 'असील' ही आपल्याकडची झुंजीची जात. हा अरबी शब्द, अर्थ चांगल्या कुळीचा. अरबीत 'अस्ल' म्हणजे मूळ, आणि आपण रोज म्हणतो तो 'अस्सल' त्याच घरातला. अस्सल सोनं आणि असील कोंबडा एकाच मुळाची पानं. आणि जगातली सर्वांत लहान मानली जाणारी कोंबडी मलेशियाच्या केलांतान प्रांतातली 'सेरामा'. वी यिआन ईन यांनी १९७१ पासून ती घडवायला घेतली. वजन अर्ध्या किलोच्या आत, छाती इतकी पुढे काढलेली की मान मागे शेपटीला टेकावी. त्या नावात आपला राम आहे. थायलंडचे राजे 'राम' ही पदवी लावतात, त्यावरून हे नाव ठेवलं असं सांगतात. मलाय भाषेतल्या रामकथेचा नायकही 'सेरी राम', म्हणजे श्रीराम. अयोध्येचा शब्द समुद्रापार जाऊन एवढ्याशा कोंबड्याच्या छातीत मावला.

माणसाचं नाव लागलेली एक जातही सांगायला हवी, 'सेब्राइट'. सर जॉन सेब्राइट या इंग्रज जमीनदारानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती घडवली. प्रत्येक पिसाला काळी, काजळ घातल्यासारखी कड. नराची पिसंही मादीसारखीच गोल, लांब वळणदार शेपटी नाही. वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास. जनावरांच्या जाती सुधारण्यावर त्यानं १८०९ मध्ये लिहिलेली पुस्तिका पुढे डार्विननं वाचली. सेब्राइटनंच जवळच्या नात्यात जोड्या लावत राहण्याचा तोटाही दाखवून दिला. रूप पक्कं होत जातं, पण अंडी फळेनाशी होतात. आत्या हे पुस्तक न वाचता सांगते. "कोंबडा दोन वर्षांनी गावाबाहेरचा आणावा," हा तिचा नियम आहे.

गावाच्या प्रश्नाचं आणखी एक उत्तर रक्तात आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. डार्विननंही तोच धरला, आणि त्या काळी त्याचं शास्त्रीय नाव 'बँकिव्हा' असं, जावातल्या पक्ष्याला दिलेलं होतं. आता संशोधन आग्नेय आशियाच्या मुख्य भूमीकडे बोट दाखवतं. मध्य थायलंडमधली साडेतीन हजार वर्षांपूर्वीची हाडं, भातशेतीच्या सोबतीनं माणसाजवळ आलेला पक्षी. पण २००८ साली एक गोष्ट उघड झाली. कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो, ते तांबड्याकडून आलेलं नाही. ते आलं भारतातल्या राखी रानकोंबड्याकडून. सह्याद्रीच्या जंगलात पहाटे जो आरवतो, तोच हा. माझ्या कोचीन बँटमचे पाय पिसांखाली पिवळेधमक आहेत. हे वाचल्यावर मी तिला उचलून घेतलं, पायाची पिसं बाजूला केली आणि बराच वेळ पाहत राहिले. नाव कुठलंही असो, तिच्या पायाला आपल्या डोंगरांचा रंग होता.

आता अंगणातल्या शब्दांकडे वळते, कारण माझा खरा जीव तिथे आहे. बंदरातले शब्द मोठे प्रवासी, पण कोंबडीच्या दिवसाविषयी ते काही सांगत नाहीत. ते आपले घरचे शब्द सांगतात. 'तलंग' म्हणजे अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. एका शब्दात वय, अवस्था आणि मालकिणीची आशा. शहरात हा शब्द ऐकू येत नाही, पण सरकारच्या योजनेत आजही 'तलंगांचे गट' वाटले जातात. 'खुराडं' हे तिचं घर, 'डालगं' हे तिच्यावर पालथं घालायचं छत्र. 'आरवणं' हे क्रियापद तर आपण कोंबड्यासाठीच राखून ठेवलं आहे. संस्कृतातला 'कुक्कुट' हा त्याच्या आवाजातूनच जन्मला, आणि त्याहून जुन्या वळणाचा 'कृकवाकु' म्हणजे 'कृक' असं बोलणारा. ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत ही स्वरांची तीन मापं पाणिनीनं कोंबड्याच्या आरवण्यावरून दाखवली, असं व्याकरणाची परंपरा सांगते. एक आखूड, एक लांब, एक त्याहून लांब. माझा छोटा कोंबडा पहाटे पातळ, उंच आवाजात आरवतो, पण तिन्ही मापं चुकवत नाही.

आणि 'खुडूक'. या शब्दावर माझं प्रेम आहे. कोंबडी अंडी द्यायची थांबते, घरट्यातून उठत नाही, पोटाची पिसं झडतात, हात नेला की फुगते आणि घशातून एक तुटक, दबका आवाज काढते. तो आवाज नीट ऐकावा आणि मग 'खुडूक' म्हणून पाहावं. जास्त अंड्यांसाठी घडवलेल्या जातींमधून माणसानं हा स्वभाव निवडून निवडून काढून टाकला, कारण खुडूक कोंबडी म्हणजे तेवढे दिवस अंडं नाही. बँटममध्ये तो भरभरून टिकला. म्हणून पाळणारे मोठ्या जातींची, तितराची, लाव्याची अंडीसुद्धा तिच्याखाली ठेवतात. शोभेची म्हणून आणलेली कोंबडी जगभर ओळखली जाते ती आईपणासाठी.

पण माणसांच्या जगात 'बँटम' या शब्दाला मान मिळाला तो दुसऱ्या गुणामुळे. छोटा बँटम कोंबडा आपल्याहून चौपट वजनाच्या कोंबड्यासमोर मान फुगवून उभा राहतो. हे पाहणाऱ्यांनी त्याचं नाव लहान चणीच्या, न डगमगणाऱ्या माणसांना दिलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात पाच फूट तीन इंचांपेक्षा कमी उंचीच्या माणसांना घेत नसत. १९१४ साली बर्कनहेडला अशाच माणसांची वेगळी पलटण उभी राहिली. ती बँटम पलटण. १९४० मध्ये अमेरिकेतल्या बँटम नावाच्या लहान मोटार कंपनीनं लष्करासाठी पहिली जीप बनवली. आपल्या गावागावांत धावलेल्या जीपच्या वंशवेलीत हे नाव आहे. आणि मुष्टियुद्धात, मग कुस्तीत, हलक्या वजनाच्या एका गटाचं नाव पडलं 'बँटमवेट'.

इथे येऊन मी थांबले. १९५२, हेलसिंकी. फ्रीस्टाइल कुस्ती, ५७ किलो, बँटमवेट गट. कांस्यपदक, खाशाबा जाधव, गोळेश्वर, तालुका कराड. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बांतेनच्या धक्क्यावरून निघालेला शब्द कोंबडीच्या पिसांतून, मुष्टियोद्ध्यांच्या रिंगणातून फिरत फिरत आत्याच्या तालुक्यातल्या एका पैलवानाच्या नावाशेजारी जाऊन बसला होता. मी लगेच फोन लावला. "आत्या, खाशाबा कुठल्या वजनात जिंकले माहीत आहे? बँटम. हाच शब्द." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अंगानं लहानच होते गं. पण समोरच्याला कधी कळलं नाही ते."

बांतेनचं जुनं बंदर आज अवशेषांत उरलं आहे. मोडलेल्या राजवाड्याच्या भिंती आहेत, एक जुनी मशीद आहे, तिचा दीपगृहासारखा मनोरा आहे. २००० साली इंडोनेशियानं बांतेन हा वेगळा प्रांत केला, म्हणजे नकाशावर नाव पुन्हा ठळक झालं. पण तोवर तीन शतकं ते नाव ज्यांनी जिवंत ठेवलं त्यात एका एवढ्याशा पक्ष्याचा वाटा मोठा. सुलतानांच्या तोफांना जे जमलं नाही ते कोंबडीनं केलं, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या कोंबडीखाली सात अंडी होती. प्रत्येकावर पेन्सिलनं तारीख घातलेली. आत्यानं रोज फोनवर दिवस मोजले. सातव्या दिवशी अंधारात विजेरीवर अंडी धरून बघ म्हणाली. त्यात दोन वांझ निघाली, ती काढली. विसाव्या दिवशी संध्याकाळी अंड्याच्या आतून चोच वाजली. दुसऱ्या दिवशी पहाटेच आत्याचा फोन आला, आणि तिचा प्रश्न ऐकून मी उत्तर द्यायचं विसरले.

"बँटमीची पिल्लं निघाली का गं?"

बँटमीची. मोटारीत, भिंतीवर, विहिरीत म्हणतो तसं. परक्या शब्दाला तिनं न विचारता आपलं सामान्यरूप लावलं होतं. शब्द कुठल्या गावचा याचा शोध मी इतके दिवस घेत होते, आणि तो आमच्या गावचा कधी झाला ते मला आत्ता कळलं. मी डालग्याजवळ गेले. पिसांच्या घोळातून पाच चोची बाहेर डोकावत होत्या.

"निघाली," मी म्हटलं. "पाच."